टँकर कधी बोलवायचा? आपत्तीतल्या मालवाहू विमानांना हवेत इंधन देण्याचं नियोजन, पायरी पायरीने

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाची धावपट्टी वाचली, पण कंट्रोल टॉवर निकामी झाला. अमेरिकी हवाई दलाच्या पथकाने धावपट्टीशेजारी घडीचं टेबल मांडलं आणि रेडिओवरून विमानं उतरवायला सुरुवात केली. धावपट्टी एकच होती, विमानं उभी करायला जागा तुटपुंजी होती आणि इंधनाची टंचाई होती. जगभरातून मदत घेऊन आलेली विमानं डोक्यावर घिरट्या घालत राहिली आणि काहींना सामानासकट दुसरीकडे वळावं लागलं. ती तिथवर पोहोचली होती, त्यामुळे अंतराचा प्रश्न नव्हता. खाली जागा रिकामी होत नव्हती.

हवेत इंधन भरणं म्हटलं की बहुतेकांना विमानाचा पल्ला आठवतो. युद्धात ते बरोबरही आहे. आपत्तीत मात्र टँकर विमानाचा मोठा उपयोग वेगळाच असतो. मोडक्या विमानतळावर उतरणाऱ्या मालवाहू विमानाला तिथे एक लिटरही इंधन मागावं लागू नये आणि सामान उतरताच त्याने जागा मोकळी करावी, यासाठी टँकर लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात. आपत्ती व्यवस्थापन शिकणाऱ्यांना, समन्वय कक्षात बसणाऱ्यांना आणि लष्करी विमानांचं वेड असणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. आकडे ढोबळ आहेत. प्रत्यक्ष उड्डाणाचा हिशेब त्या त्या विमानाच्या तक्त्यांवरूनच करायचा.

पायरी १: आधी जागेचं गणित करा

टँकरचा विचार करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा. एका वेळी किती मोठी विमानं उभी राहू शकतात, एक विमान किती तास थांबतं आणि विमानतळ दिवसाचे किती तास चालू आहे. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याचा गुणाकार करून त्याला थांबण्याच्या वेळाने भागायचं. आलेल्या उत्तराचे ८५ टक्केच धरायचे, कारण विमानं घड्याळाच्या काट्यावर येत-जात नाहीत.

समजा चार विमानांची जागा आहे, विमानतळ २४ तास चालू आहे आणि प्रत्येक विमान तीन तास थांबतं. दिवसाला २७ विमानं होतात. इंधन भरणं टळल्यामुळे तोच थांबा दोन तासांवर आला, तर ४० विमानं होतात. नवी जागा बांधावी लागली नाही, डांबराचं एक पिंपही लागलं नाही, तरी १३ विमानं वाढली.

याला एक अट आहे, आणि उत्साहाच्या भरात ती हमखास विसरली जाते. थांब्यातला सर्वांत लांबलेला भाग इंधनाचा असेल, तरच हा फायदा मिळतो. सामान उतरवायला चार विमानांत मिळून एकच लोडर असेल, तर टँकर आणून काही साधत नाही. विमान रिकामं व्हायची वाट बघत उभंच राहणार. तेव्हा पहिल्या विमानातून काय पाठवावं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: फोर्कलिफ्ट, लोडर आणि ते चालवणारी माणसं. त्यानंतर टँकरचा विचार.

पायरी २: टँकरशिवाय भागतं का ते बघा

बऱ्याचदा भागतं. सी-१७ या अमेरिकी बनावटीच्या अवजड मालवाहू विमानाचं उदाहरण घेऊ. रिकाम्या विमानाचं वजन सुमारे १२८ टन, उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २६५ टन, कमाल सामान ७७ टनांच्या आसपास, आणि टाक्या गच्च भरल्या तर इंधन १०८ टन. बेरीज ३१३ टन होते. म्हणजे पूर्ण सामान आणि पूर्ण इंधन एकत्र नेता येत नाही. ७७ टन सामान भरलं, तर इंधनाला ६० टनच उरतात.

पण मदतसामग्री सहसा इतकी जड नसते. तंबू, ब्लँकेट, ताडपत्र्या, औषधांची खोकी अशा सामानाने वजनाची मर्यादा येण्याआधीच जागा भरते. सी-१७ मध्ये पॅलेटच्या (सामान बांधायच्या फळ्यांच्या) १८ जागा असतात आणि हलक्या सामानाने त्या भरल्या, तर एकूण भार ३५-४० टनांच्या घरात राहू शकतो. मग इंधनाला ९७ टन मिळतात. तीन-चार तासांच्या अंतरावर आपत्ती असेल, तर जाऊन-येऊन पुरेल एवढं इंधन घरूनच नेता येतं.

त्यालाही किंमत मोजावी लागतेच. वाहून नेलेलं जादा इंधन स्वतःच इंधन खातं. तासाला त्याच्या वजनाच्या तीन-चार टक्के धरायचे, म्हणजे आठ तासांनी त्यातला जवळपास चौथा हिस्सा फक्त वाहतुकीत जळालेला असतो.

दुसरा पर्याय म्हणजे तासा-दीड तासावरचा शाबूत विमानतळ. मोठी विमानं तिथे उतरवायची आणि पुढची ने-आण सी-१३० सारख्या छोट्या विमानांनी करायची. बहुतेक मोठ्या मोहिमा दुसऱ्या आठवड्यापर्यंत याच रूपात येतात आणि ते योग्यच आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमधल्या उ-तपाओ तळाने हेच काम केलं.

टँकरची खरी गरज तीन परिस्थितींत पडते. शाबूत विमानतळ फार लांब असतो, विशेषतः महासागरातल्या बेटांच्या बाबतीत. वाटेतले देश थांबू देत नाहीत. किंवा धावपट्टी इतकी नाजूक असते की परतीच्या इंधनासकट उतरताच येत नाही. दुसऱ्या परिस्थितीचा धडा युद्धातून आला. १९७३ मध्ये इस्रायलला रसद नेणाऱ्या अमेरिकी विमानांना युरोपातल्या बहुतेक देशांनी थांबू दिलं नाही. अझोर्स बेटांवरचा लाजेस तळ तेवढा उघडा राहिला. त्यानंतर सी-१४१ या मालवाहू विमानांचा सांगाडा लांबवताना त्यांत हवेत इंधन घेण्याची सोयही बसवली गेली.

पायरी ३: कोणाची तोटी कोणाला बसते

इथे अनेक बेत कोसळतात. हवेत इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

बूम पद्धतीत टँकरच्या शेपटीखाली लांबणारी ताठ नळी असते. ऑपरेटर ती हलवून खालच्या विमानाच्या पाठीवरच्या खाचेत बसवतो. या खाचेला रिसेप्टॅकल म्हणतात. सी-१७, सी-५ आणि जपानचं सी-२ या मालवाहू विमानांना असंच इंधन लागतं. दुसऱ्या पद्धतीत टँकर लवचिक होज सोडतो. तिच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते, तिला ड्रोग म्हणतात. इंधन घेणाऱ्या विमानाच्या नाकाकडे प्रोब नावाचा दांडा असतो आणि तो टोपलीत घालण्याचं कसब त्या वैमानिकाचं. ए-४०० एम हे प्रोबचं मालवाहू विमान.

आता गंमत बघा. ब्रिटनकडे सी-१७ आहेत आणि व्हॉयेजर नावाचे ए-३३० टँकरही आहेत. पण व्हॉयेजरला बूम बसवलेला नाही, त्यामुळे ब्रिटनचा टँकर ब्रिटनच्याच सी-१७ ला इंधन देऊ शकत नाही. रशियन बनावटीच्या इल्युशिन-७८ टँकरकडे तीन होज असतात, पण सी-१७ ला त्याही निरुपयोगी. इल्युशिन-७६ आणि अँटोनोव्ह-१२४ हे मदतकार्यातले जुने घोडे, पण त्यांना हवेत इंधन घेण्याची सोय नसते. सी-१३० चं तर प्रत्येक विमान तपासून बघावं लागतं. काहींना प्रोब असतो, काहींना रिसेप्टॅकल आणि पुष्कळांना दोन्ही नसतात.

केसी-१३५ या अमेरिकी टँकरचा आणखी एक पेच आहे. त्याच्या बूमला टोपली जोडता येते, पण ती जमिनीवरच. एकदा ती लावून उडालं, की त्या उड्डाणात त्या बूममधून रिसेप्टॅकलवाल्या विमानाला इंधन मिळत नाही. केसी-४६ आणि बूम बसवलेलं ए-३३० एमआरटीटी हे टँकर एकाच उड्डाणात दोन्ही प्रकारे देऊ शकतात. सरमिसळ ताफा असेल, तर यांच्यासाठी आधी शब्द टाका.

नळी जुळली म्हणून काम झालं, असंही नाही. दोन देशांची विमानं एकमेकांजवळ आणण्याआधी त्या जोडीची तांत्रिक मंजुरी लागते: कोणत्या वेगाला, किती उंचीवर, किती दाबाने. शिवाय वैमानिकाचा सराव ताजा हवा. अवजड मालवाहू विमान टँकरच्या सावलीत स्थिर धरणं हे वेगळं कसब आहे आणि वाहतूक दलातल्या प्रत्येकाला ते येतंच असं नाही. म्हणून आपत्ती येण्याआधी तयार ठेवायच्या याद्या दोन: विमानांच्या जोड्यांची आणि सराव ताजा असलेल्या वैमानिकांची. भूकंप झाल्यावर मंजुरीसाठी पत्रव्यवहार सुरू करणारा त्या आठवड्यात काहीही उडवू शकत नाही.

पायरी ४: इंधनाचा हिशेब, आत्ता की नंतर?

हा सगळ्या नियोजनाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू. काल्पनिक उदाहरण घेऊ, पण आकडे खऱ्यासारखे ठेवू.

सी-१७, सामान ४० टन, आपत्तीचं ठिकाण आठ तासांवर. भरलेलं विमान तासाला ९ टन इंधन जाळतं, रिकामं ८ टन. घरून तिथवर ७२ टन, वर घिरट्या घालायला तासाभराचे ८ टन, जमिनीवर २ टन, परतीला ६४ टन आणि कधीच न वापरायचा राखीव साठा १२ टन. एकूण गरज १५८ टन. उड्डाणावेळी भरता येतात ९७. तूट ६१ टनांची.

हे ६१ टन कुठे घ्यायचे? सोपं उत्तर म्हणजे उतरण्याआधी, एकदाच. समजा दीड तास आधी घेतले. मग घिरट्यांचे ८ टन जळाले तरी विमान उतरताना त्यात ७८ टन इंधन असेल आणि एकूण वजन २४६ टन होईल. भक्कम धावपट्टीवर हे चालेल. पण २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूचा विमानतळ आठवा. एकच धावपट्टी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३४० मीटर उंचीवर. तिथे मे महिन्याच्या सुरुवातीला धावपट्टीला इजा होऊ लागली, तेव्हा १९६ टनांहून जड विमानांना मज्जाव करण्यात आला. २४६ टनांचं विमान तिथे दारातच अडलं असतं.

दुसरं टोक म्हणजे उतरण्याआधी काहीच घ्यायचं नाही, सगळं परत निघाल्यावर घ्यायचं. मग विमान १८५ टनांवर उतरतं. छान. पण पुन्हा उडताना पोटात १५ टनच असतात. त्यातले १२ राखीव. टँकर आला नाही, तर हातात तीन टन. हा जुगार झाला आणि मदतीच्या कामात जुगार खेळायचा नसतो.

म्हणून वाटणी करायची. आपत्तीच्या ठिकाणी येताना १० टन, तिथून परत जाताना ५१ टन. उतरताना इंधन २७ टन आणि वजन १९५ टन, म्हणजे मर्यादेच्या एक टन आत. जमिनीवरचे २ गेले, उडताना २५ उरले. दीड तासावर पर्यायी विमानतळ असेल, तर तिथवर १२ आणि राखीव १२, मिळून २४. टँकर आला नाही तरी विमान सुखरूप कुठेतरी टेकतं. टँकर आला तर ५१ टन घेऊन थेट घरी.

आता या हिशेबातली मेख. घिरट्या घालाव्याच लागल्या नाहीत तर? तेव्हा ते ८ टन जळणार नाहीत आणि विमान २०३ टनांवर उतरायला येईल, म्हणजे मर्यादेच्या वर. गर्दी कमी निघाली म्हणून उतरता येत नाही, अशी विचित्र स्थिती! यावर उपाय असा की येतानाचा आकडा आधी पक्का करायचाच नाही. टँकरजवळ पोहोचताना उतरण्याच्या वेळेची ताजी खबर घ्यायची. थेट उतरायला मिळणार असेल तर २ टन घ्या, तासभर थांबावं लागणार असेल तर १० घ्या. हा निर्णय विमानात होतो, पण त्याची सवड नियोजनात आधीच ठेवलेली असावी लागते.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. प्रवासाच्या कुठल्याही क्षणी "आत्ता टँकर नाहीसा झाला, तर हे विमान कुठे उतरेल?" या प्रश्नाला विमानतळाचं नाव घेऊन उत्तर देता आलं पाहिजे. देता आलं नाही, तर तो मार्ग बदला.

पायरी ५: टँकरचा स्वतःचा हिशेब

टँकर म्हणजे उडती टाकी, पण त्या टाकीतून इंजिनंही पितात. ए-३३० एमआरटीटी मध्ये १११ टन इंधन मावतं. भेटीची जागा अडीच तासांवर आहे, तिथे दोन तास थांबायचं आहे आणि अडीच तास परतीचे, असं धरू. सात तास, तासाला ६ टन, म्हणजे ४२. राखीव ७. देण्याजोगे उरले ६२ टन.

वरच्या उदाहरणातली तूट होती ६१. म्हणजे एका मालवाहू फेरीसाठी एक आख्खी टँकर फेरी! तीही कशी, तर येताना आणि जाताना या दोन भेटींमध्ये विमान खाली उतरून सामान रिकामं करून येईपर्यंत टँकरने वर ताटकळायचं. ते दोन तासांत बसत नसेल, तर दोन टँकर लागतात, किंवा एका टँकरने येणाऱ्या एका विमानाला १० आणि परतणाऱ्या दुसऱ्या विमानाला ५१ द्यायचे. ही दुसरी रचना मला अधिक पसंत आहे. टँकर विमानांशी न जोडता जागेशी जोडायचा. कोण येतंय, कोण जातंय, याची साखळी लागली की टँकर रिकामा घिरट्या घालत नाही.

दिवसाला वीस फेऱ्या अशा चालवायच्या म्हटलं, तर वीस टँकर फेऱ्या लागतील. एवढी ताकद फार थोड्या देशांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनाही आठवडाभर हे परवडणार नाही. म्हणून हवेतलं इंधन हे पहिल्या तीन-चार दिवसांचं औषध समजायचं आणि तेही निवडक फेऱ्यांसाठी: शोधपथकं, फिरतं रुग्णालय, लोडर.

टँकर कुठून इंधन घेतो, हेही बघा. तो जर आपत्तीलगतच्याच त्या एकमेव शाबूत विमानतळावरून भरत असेल, तर त्याच साठ्यावर इतर सगळी मदत अवलंबून आहे. आधीच ओढाताण आणि त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. टँकरचा तळ मुद्दाम वेगळ्या पुरवठ्यावरचा निवडा, अर्धा तास लांब पडला तरी चालेल. इंधनाची जातही विचारून घ्या. जेट ए-१ उणे ४७ अंशाला गोठू लागतं, तर जेट ए उणे ४० ला. आठ तासांच्या थंड, उंच उड्डाणात हे सात अंश महत्त्वाचे ठरतात.

पायरी ६: आकाशातली जागा

भेटीच्या जागेचे दोन प्रकार असतात. ट्रॅक म्हणजे सरळ रेघ. दोन्ही विमानं एकाच दिशेने उडत इंधन देतात-घेतात आणि मालवाहू विमानाचा प्रवासही चालू राहतो. अँकर म्हणजे ठरलेल्या चौकटीत लंबगोल फेऱ्या. इथे टँकर वाट बघत थांबतो. येताना ट्रॅक आणि जाताना अँकर, असं माझं मत. येणाऱ्या विमानाची वेळ बऱ्यापैकी ठरलेली असते, त्यामुळे ट्रॅकवर वेळ वाया जात नाही. परतणारं विमान कधी सुटेल ते मात्र खालच्या लोडरवर अवलंबून असतं, म्हणून टँकरला थांबता येईल अशी जागा हवी. अँकर आपत्तीचं ठिकाण आणि पर्यायी विमानतळ यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे इंधन मिळालं नाही तरी विमान योग्य दिशेलाच निघालेलं असतं.

उंची साधारण २० ते २८ हजार फुटांच्या पट्ट्यात ठरते. नागरी विमानांची मुख्य वर्दळ त्याच्या वर असते, पण चढ-उतार याच पट्ट्यातून होतात. त्यामुळे उंचीचा एक आख्खा थर राखून घ्यावा लागतो आणि नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढावा लागतो. टँकरला परदेशी हद्दीतून जायची परवानगी वेगळी मागावी लागते. मदतीच्या विमानाला देशांकडून पटकन हो मिळतो, पण शेजारी लष्करी टँकर दिसला की प्रश्न सुरू होतात. जमेल तिथे अँकर समुद्रावर, आंतरराष्ट्रीय हवाई हद्दीत टाका. अर्धी कागदपत्रं वाचतात.

हवामानाबद्दल थोडक्यात. चक्रीवादळानंतर मागे राहिलेले गडगडाटी ढग टाळायचे आणि राखीव अँकर किमान दोनशे मैल बाजूला आधीच आखून ठेवायचा. ज्वालामुखीच्या राखेच्या आसपास हे काम अजिबात करायचं नाही. १५ जानेवारी २०२२ च्या उद्रेकानंतर टोंगाच्या धावपट्टीवर राखेचा थर बसला. तो हाताने साफ करावा लागला आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पहिली मदत विमानं २० तारखेला उतरली. अशा वेळी टँकर कितीही असले तरी आधी झाडूच लागतो.

पायरी ७: वेळापत्रक उलटं बांधा

सुरुवात उतरण्याच्या वेळेपासून करायची. हैतीत काही दिवसांनी फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळावरून उतरण्याच्या वेळा वाटून देण्याची व्यवस्था उभी राहिली आणि गोंधळ बराच आटोक्यात आला. ती वेळ हाती आल्याशिवाय टँकर उडवू नका. तिथून मागे मोजा: दीड तास आधी भेट, टँकर त्याच्या पंधरा मिनिटं आधी जागेवर, त्याच्या अडीच तास आधी त्याचं उड्डाण, त्याच्या चार तास आधी त्याच्या चमूला सूचना. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. तीन देशांची विमानं आणि तीन स्थानिक वेळा एका फळ्यावर आल्या, की चूक व्हायला एक रात्रही लागत नाही.

प्रत्यक्ष इंधन द्यायला किती वेळ लागतो? बूममधून मिनिटाला साडेचार हजार लिटरपर्यंत, टोपलीतून साधारण दीड हजार. कागदावर ५१ टन बूममधून चौदा-पंधरा मिनिटांत जायला हवेत. प्रत्यक्षात घेणाऱ्या विमानाच्या टाक्या तेवढ्या वेगाने पीत नाहीत, हवा खडबडीत असते, जोड सुटते, पुन्हा लावावी लागते. दुप्पट वेळ धरा.

पायरी ८: भेटीचे नियम

हा भाग वैमानिकांचा. नियोजकाने इतकंच जाणून घ्यावं. नेटोच्या एका सामायिक पुस्तिकेत भेटीच्या ठरावीक पद्धती दिल्या आहेत आणि नेटोबाहेरचे अनेक देशही त्याच धर्तीवर काम करतात. कोणती आवृत्ती वापरतोय हे दोन्ही बाजूंनी आधी बोलून घ्या. इंधन घेणारं विमान टँकरच्या एक हजार फूट खाली येतं, टँकर दिसल्याची खात्री झाल्यावर वर सरकतं, मागे थांबतं, परवानगी मिळाल्यावरच जोडायला पुढे येतं. कोणालाही काही बिनसलेलं वाटलं, की "ब्रेकअवे" तीनदा. टँकर पुढे आणि वर निघतो, दुसरं विमान मागे आणि खाली.

युद्धात हे सगळं रेडिओ गप्प ठेवून, दिवे मंद करून होतं. मदतकार्यात त्याची काही गरज नाही. सगळे दिवे लावा, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) चालू ठेवा, मोकळेपणाने बोला. सवयीने पाळलेली शांतता इथे फक्त धोका वाढवते.

टँकर फक्त टाक्या भरतो, माणसांची झोप भरत नाही, हेही लक्षात असू द्या. आठ तास जाणं, दोन तास खाली, आठ तास येणं आणि मध्ये दोनदा टँकरच्या मागे घाम गाळणं, हे एका चमूचं काम नव्हे. जादा वैमानिक सोबत हवेत आणि दुसरी भेट रात्री असेल, तर विश्रांतीनंतरच्या माणसाच्या हाती विमान यायला हवं. इंजिन ऑइलची मर्यादाही विसरू नका. ते काही हवेत भरता येत नाही.

पायरी ९: बेत फसला तर

चार प्रश्नांची उत्तरं उड्डाणाआधी लिहून ठेवायची. टँकर उडालाच नाही तर? जमिनीवर दुसरा तयार ठेवा. तो नसेल तर मालवाहू विमान निघू नये, किंवा पहिल्यापासून पर्यायी विमानतळाचाच मार्ग धरावा. येतानाची भेट फसली तर? आपल्या उदाहरणात त्या क्षणी विमानाकडे साडेअडतीस टन असतात, पर्यायी विमानतळाला ते सहज पुरतात. तिथे उतरायचं, सामान छोट्या विमानांकडे सोपवायचं आणि वाईट वाटून घ्यायचं नाही. अर्धवटच इंधन मिळालं तर? किती टनांखाली माघार घ्यायची, तो आकडा आधी ठरलेला हवा, तिथे वर बसून चर्चा नको. आणि जाताना इंधन मिळालं नाही तर? पुन्हा त्या मोडक्या विमानतळावर यायचं नाही. तिथली जागा एव्हाना दुसऱ्याची झालेली असते.

पायरी १०: पैसे आणि परवानग्या

परदेशी लष्कराची साधनं आपत्तीत वापरण्याबाबत १९९४ साली ओस्लोत मार्गदर्शक तत्त्वं ठरली. नागरी पर्याय संपल्यावरच लष्करी साधनं वापरायची आणि त्याचा खर्च आपद्ग्रस्त देशावर टाकायचा नाही, हा त्यांचा गाभा. टँकरच्या इंधनाचं बिलही त्यात आलं. युरोपातल्या देशांनी आपसांत रोख पैशांऐवजी उड्डाण-तासांची देवघेव ठेवली आहे. सी-१३० चा एक तास हे माप धरून वाहतूक आणि हवेतलं इंधन यांची फेड होते. असा करार आधीच असेल, तर रात्री दोन वाजता टँकर मागणाऱ्याला वित्त विभागाला उठवावं लागत नाही.

पायरी ११: टँकर कधी परत पाठवायचा

रोज संध्याकाळी तीन गोष्टी तपासा. आपत्तीच्या विमानतळावर इंधनाचा टँकर-ट्रक किंवा फुगवता येणाऱ्या रबरी टाक्या पोहोचल्या का? शेजारच्या शाबूत विमानतळाची क्षमता वाढली का? पहिलं मालवाहू जहाज बंदराला लागलं का? यातल्या दोन गोष्टींना हो आलं, की हवेतलं इंधन थांबवायची वेळ झाली. एक सी-१७ जास्तीत जास्त ७७ टन नेतं. मध्यम आकाराचं एक जहाज अशा शेकडो विमानांइतकं सामान एका खेपेत आणतं.

तेव्हा टँकरला घरी पाठवण्याआधी एक गोष्ट करून बघावी. ए-३३० एमआरटीटी ४५ टनांपर्यंत भार वाहू शकतं, केसी-१३५ आणि केसी-४६ मध्येही सामान आणि माणसं मावतात. त्यांचे दरवाजे जमिनीपासून उंच असतात, त्यामुळे उंच लोडर असलेल्या शाबूत विमानतळावरच ती कामाची. पण तिथवर डॉक्टर, औषधं आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रं नेण्यात, आणि परतताना जखमींना स्ट्रेचरवर घेऊन येण्यात, त्या विमानाचा उरलेला आठवडा जातो.